मच्छरदाणीचा चौथा खांब

आमच्या इमारतीत विकतचं लाटणं कुणाच्याच स्वयंपाकघरात नाही. सगळी लाटणी केसरीनाथभाऊंच्या हातची, आणि त्यातलं एकही लाटणं म्हणून करायला घेतलेलं नव्हतं. माझं लाटणं मुळात स्टुलाचा पाय व्हायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या मृणालीचं लाटणं कुऱ्हाडीचा दांडा म्हणून सुरू झालं होतं. भाऊंना लाकूड निमुळतं करायला फार आवडतं, आणि कुठं थांबायचं ते त्यांना कळत नाही. एका बाजूनं रंधा जरा जास्त फिरतो. मग दुसरी बाजू तिच्याशी जुळवायची. ती जुळली की पहिली पुन्हा जाड वाटायला लागते. असं करता करता पायाचं लाटणं होतं, आणि लाटण्यावरही हात थांबला नाही तर गल्लीतल्या मुलांना विटी मिळते.

भाऊ मूळचे इथले, भिवंडीतल्या कामतघरचेच, आगरी. आम्ही राहतो ती इमारत त्यांच्या वडिलांच्या भातखाचरावर उभी आहे. मुलानं, म्हणजे दीपेशनं, इमारत बांधली तेव्हा भाऊंनी एकच अट घातली होती: तळमजल्यावर पुढच्या बाजूला ओटा पाहिजे, आणि ओट्यावर सावली पाहिजे. तो ओटा त्यांचं दुकान, कारखाना आणि बैठक. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नारपोलीच्या यंत्रमागांवर सुतारकाम केलं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला फटका देणारी लाकडी काठी रोज कुठल्यातरी मागावर मोडायची आणि भाऊ नवी बसवायचे. आता नव्या मागांना धोटाच नाही. भाऊंना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. "तवा काठ्या मोजून मागायचे," ते म्हणतात, "आता मना पाहिजे तेवढा वेल रंधा मारता येतो." कानावर पेन्सिल, अंगात बनियन, चष्म्याची तुटलेली दांडी मागाच्या सुतानं बांधलेली. माझी खिडकी बरोबर ओट्यावर उघडते, म्हणून त्यांचं काम मला पाठ आहे.

सुरुवात फार देखणी असते. लाकडाचं जे टोक बारीक व्हायचं त्यावर पेन्सिलीनं छोटा चौकोन काढायचा. मग सुताचा दोरा निळीच्या पाण्यात बुडवून जाड टोकापासून त्या चौकोनापर्यंत ताणायचा आणि बोटानं उचलून सोडायचा. लाकडावर निळी रेघ उमटते. त्या रेघेपर्यंत उतरायचं. रंधा आधी फक्त टोकाच्या वीतभर भागावर, मग दोन विती, मग हळूहळू मागे सरकत पूर्ण लांबीवर. आणि नेहमी जाडीकडून बारीक टोकाकडे. "उतारानं चालायचं, टीचर," भाऊ मला सांगतात. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे सगळी इमारत मला टीचरच म्हणते. "चढावर रंधा मारला ना, का लाकूड चावतं." चारी बाजू उतरल्या की कोपरे छाटून आठ बाजू करायच्या, आठांच्या सोळा, आणि तिथून पुढे लाकूड आपणहून गोल व्हायला लागतं.

इथपर्यंत सगळं छान. पण निळी रेघ रंध्याखाली गेली की भाऊंना अडवणारं काही उरत नाही.

अडवण्याचं काम गोदूबाईंचं होतं. गोदूबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. ओट्यामागेच स्वयंपाकघर. त्या आत बसून मासे साफ करत असायच्या, वाल सोलत असायच्या, ओट्याकडे पाठ असायची, आणि मध्येच खणखणीत आवाजात म्हणायच्या, "बास!" भाऊंचा रंधा जागच्या जागी थांबायचा. "मी थांबनारच होतो," ते म्हणायचे. "हां, थांबनारच होतात. पुढच्या होलीला," आतून उत्तर यायचं. मी एकदा गोदूबाईंना विचारलं होतं, तुम्हाला न बघता कसं कळतं? त्या म्हणाल्या, "बघायचं काय त्याच्यात? रंध्याचा आवाज आधी खरखर येतो, मग सुरसुर येतो, मग कोनी कानात बोलल्यासारखा येतो. तवा बास."

त्यांच्या कानाचं मला नवल वाटत नाही. गोदूबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवरी पाठवेपर्यंत प्रत्येक विधीला धवले गायचे असतात, आणि ते गाणारी, विधी चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. कामतघरापासून मानकोलीपर्यंतच्या कितीतरी लग्नांत गोदूबाई उभ्या राहिल्या आहेत. उभ्या राहिल्या हे मुद्दाम लिहिते. त्या बसून गात नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या मागच्या मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ठाण्याला ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, पण चाला. गोदूबाई घरी आल्या आणि मागच्या खोलीतल्या पलंगावर पडून राहिल्या. मोरी जवळ म्हणून पलंग तिथं टाकला होता. त्या खोलीच्या भिंतीला लागून शेजारच्यांचा मागांचा कारखाना आहे. दिवसभर खटखट खटखट. तिथं शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तर ओट्यावरचा रंधा कुठून ऐकू येणार?

दीपेशनं दुकानातून ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर आणला. गोदूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा घोडा कोनाचा?"

"तुझा, आई."

"याच्यावर माजी ओली लुगडी बसतील. मी न्हाय."

आणि खरंच, वॉकर मोरीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याच्यावर लुगडी वाळायला लागली. मग दीपेशनं दुकानातलीच एक काठी आणली, वाकड्या मुठीची, खाली रबरी टोपी असलेली. ती पलंगाखाली गेली. भिंतीला धरून मोरीपर्यंत, आणि मोरीपासून पलंगापर्यंत, एवढंच गोदूबाईंचं चालणं झालं. भिंत सोडून पाऊल टाकायचं म्हटलं की नाही. पाय दुखतो म्हणावं तर तसंही नाही. त्यांची सून भावना मला म्हणाली, "टीचर, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

मी बोलायला गेले. गोदूबाईंनी माझा हात धरून मला पलंगावर बसवलं आणि मागांच्या आवाजावर आवाज चढवून सांगितलं, "टीचर, माजी सासू पन धवलारीन. तिनं काठी धरली आनि त्या दिवसापासून लोकांनी तिला खुर्ची दिली. मांडवात गेली का, आक्का, तू बस. आक्का, तू जेव. खुर्ची दिली ना, का गानं काढून घेतात. मना खुर्ची नको."

मी भावनाला तसं सांगितलं.

मग एक दिवस मानकोलीहून नामा आला. नामा म्हणजे गोदूबाईंच्या भावाचा मुलगा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पत्रिका त्यानं आधी देवापुढे आणि मग आत्यापुढे ठेवली.

"आत्ये, हलदीला तूच पाहिजेस."

"मी कुठं येनार? दुसरी कोनी बघ."

"दुसरी कोन हाय? नवीन पोरींना येत न्हाय. तू न्हाय आलीस तर मोबाइलवर लावू धवले."

"लाव," गोदूबाई म्हणाल्या. "मोबाइललाच लुगडं नेसव. त्यालाच मानाचा नारल दे."

नामा हसत हसत गेला, पण गोदूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. संध्याकाळी माग जरा थांबले तेव्हा भावनानं त्यांना बारीक आवाजात गुणगुणताना ऐकलं. दोन ओळी झाल्या आणि मग त्यांनी स्वतःच तोंडावर पदर घेतला.

हे भावनानं ओट्यावर येऊन सांगितलं तेव्हा मीही तिथं होते. भाऊंनी हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाले, "दुकानातली काठी तिना कशी आवडेल? ती सगल्या म्हाताऱ्यांची काठी हाय. मी तिची काठी करतो."

त्यांना लाकूड पाहिजे होतं जुनं, सुकलेलं, सरळ रेषांचं. ते माझ्याकडे होतं. आमच्या लग्नातल्या पलंगाला मच्छरदाणीसाठी सागवानी खांब होते. माझे यजमान हरी यांना डास फार चावायचे आणि मच्छरदाणीत शिरताना दर रात्री त्यांचा चष्मा जाळीत अडकायचा. ते गेल्यावर मी पलंग काढून टाकला, खांब तेवढे माळ्यावर राहिले. भाऊंनी चारही खांब खाली नेले, एकेक नाकाला लावून वास घेतला, डोळा बारीक करून टोकाकडून बघितलं, आणि म्हणाले, "याच्यात काठी हायच. फक्त वरचं काढून टाकायचं."

पहिला खांब सुरू झाला. ओट्यावर कुरळ्या छिलक्यांचा ढीग झाला. दुकानातल्या काठीची रबरी टोपी भाऊंनी काढून घेतली होती; काठीचं बारीक टोक बरोबर त्या टोपीत बसलं पाहिजे, एवढं माप. सकाळी टोपी बसत नव्हती. दुपारी बसेना. चहानंतर बसली, पण काठीचा मधला भाग त्यांना पोट सुटल्यासारखा वाटला. तो उतरवला. मग टोक त्या मानानं जाड दिसायला लागलं. संध्याकाळी टोपी टोकावर घंटेसारखी हलत होती आणि भाऊंनी काठीवर जरा भार टाकला तशी ती वाकली. "सागाला बाक चांगला येतो," भाऊ म्हणाले. पहिल्या खांबाची दोन लाटणी झाली.

दुसऱ्या खांबाच्या वेळी भावना मुद्दाम ओट्यावर भाजी निवडायला बसली. बघता बघता तिला वाटलं आता पुरे. "बाबा, थांबा."

"आता कुठं सुरुवात हाय, पोरी."

थोड्या वेळानं पुन्हा "बाबा, थांबा." पुन्हा "आता कुठं." तिचं थांबा एकदा फार लवकर आलं, एकदा फार उशिरा. दुसऱ्या खांबाची लाटणी तिनं तिच्या माहेरी पाठवली.

तिसऱ्याला मी खिडकीत बसले. मी गोदूबाईंचं ऐकून ऐकून कान तयार केला होता, निदान मला तसं वाटत होतं. खरखर संपली, सुरसुर सुरू झाली. मागांच्या आवाजातून जेवढं ऐकू आलं तेवढ्यावर मी धीर केला आणि खिडकीतून जोरात म्हटलं, "बास!"

भाऊंनी वर बघितलं. "काय झालं, टीचर? काय पाहिजे?"

"नाही, म्हटलं, बास."

"हां हां," ते म्हणाले आणि पुन्हा रंधा मारायला लागले. त्यांना वाटलं मी घरात कुणाशी तरी बोलते आहे. माझ्या घरात मी एकटीच असते.

तिसऱ्या खांबातून एक लाटणं आणि दोन विट्या निघाल्या. गल्लीतली मुलं खूश झाली. भाऊ मात्र छिलक्यांच्या ढिगाजवळ बसून राहिले. हळद दोन दिवसांवर आली होती आणि एकच खांब उरला होता.

भावना म्हणाली, "बाबा, आईंचा पलंग ओट्यावर आणू या ना. त्या सांगतील कधी थांबायचं ते."

"मना कलतं कधी थांबायचं," भाऊ म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "बघ विचारून."

भावनानं विचारलं. गोदूबाई म्हणाल्या, "ओट्यावर मांडा मना. बाजारात सुरन मांडतात तशी. येनारा जानारा विचारील, पाय कसा हाय, पाय कसा हाय." पलंग जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी चौथा खांब घेतला. टोकावर चौकोन काढला, तो पुसला, पुन्हा काढला. दोरा निळीत बुडवला आणि तो वाळून गेला तरी तसाच हातात धरून बसले. मानकोलीच्या सगळ्या पाहुण्यांपुढे आपली बायको नसणार, आणि ते आपल्या हाताच्या खोडीमुळे, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शेवटी त्यांनी दोरा पुन्हा भिजवला आणि रेघ मारली. दुपारपर्यंत चार बाजू उतरल्या. जेवण झाल्यावर आठ झाल्या.

आणि लाइट गेली.

भिवंडीत लाइट गेली की काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. हजारो माग एकदम गप्प होतात. आधी कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, मग लांबचा कावळा ऐकू येतो, कुणाच्या तरी घरातली भांडी ऐकू येतात. माझा पंखा थांबला म्हणून मी वाऱ्याला खाली ओट्यावर जाऊन बसले. भाऊंनी आठांच्या सोळा बाजू केल्या होत्या. रंधा सुरसुरत होता. छिलके आता इतके पातळ निघत होते की त्यातून उजेड दिसावा. निळी रेघ गेली होती. मला त्यांना थांबवावंसं वाटलं, पण कालचा अनुभव ताजा होता, म्हणून मी तोंड मिटून बसले.

आत काय चाललं होतं ते मला नंतर भावनानं सांगितलं. ती गोदूबाईंची वेणी घालत होती. माग थांबले आणि ओट्यावरचा रंधा थेट त्या खोलीत यायला लागला. गोदूबाईंनी मान ताठ केली. भावना फणी फिरवायला गेली तर म्हणाल्या, "थांब." थोड्या वेळानं पुटपुटल्या, "झालं." रंधा चालूच. "झालं की आता." रंधा चालूच. भावना सांगत होती की त्यांचे हात चादर अशी पिळत होते की जणू रंधा त्यांच्याच अंगावर फिरतो आहे.

ओट्यावर आम्हाला फक्त एवढंच ऐकू आलं:

"बास!"

मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज, इतक्या महिन्यांनी. पलीकडच्या इमारतीतली एक बाई गॅलरीत आली.

"बास म्हनते ना! कान फुटले काय? परत लाटनंच करायचं हाय?"

भाऊंचा रंधा मध्येच थांबला होता. अर्धा छिलका रंध्याच्या तोंडातून लोंबत होता. त्यांनी रंधा उचलला, आडवा करून बाजूला ठेवला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. चेहरा असा की जणू कुणी त्यांना मानाचा फेटा बांधला आहे.

मी रबरी टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी टोकाला लावून बघितली. बसली नाही. अगदी थोडक्यात अडत होती.

"जरासं राहिलंय," मी म्हटलं.

"राहिलंय," भाऊ म्हणाले.

"आणि लांबी? लांबी कापायची आहे ना अजून?" कारण लांबी ते नेहमी सगळ्यात शेवटी कापतात, आणि खांब उभा धरला तर माझ्या खांद्यापर्यंत येत होता.

"टीचर," भाऊ म्हणाले, "तिनं बास सांगितलं ना."

"पण भाऊ, एवढी लांब काठी..."

"बास म्हनजे बास."

भाऊंनी जुन्या पेटीतून मागाच्या चामड्याचा एक तुकडा शोधून काढला. धोट्याचा मार झेलायला लावतात तसला, जाड आणि चिवट. त्याची चकती कापून काठीच्या बुडाला चिकटवली आणि वर खिळा मारला. टोपीचं काम संपलं. मग फडक्यानं तेल चोळत बसले. लाइट आली, माग सुरू झाले, तरी ते तेल चोळतच होते. तेल कितीही चोळलं तरी लाकूड बारीक होत नाही, म्हणून आम्ही त्यांना चोळू दिलं.

सकाळी माग सुरू व्हायच्या आधीच भावनानं खालून हाक मारली, "टीचर, लवकर या."

मी मागच्या खोलीच्या दारात पोचले तेव्हा भाऊ काठी घेऊन पलंगाशी उभे होते आणि गोदूबाई बसल्या बसल्या तिच्यावरून हात फिरवत होत्या. वरून खाली, खालून वर.

"हितं जाड राहिली."

"तू बास बोललीस."

"आनि ही लांबी? ही काय काठी हाय?"

"तू बास बोललीस."

"मी बोललेलं ऐकायची तुमाला एवढी हौस कवापासून?"

"लगीन झाल्यापासून," भाऊ म्हणाले.

"बघा, टीचर, बघा," गोदूबाई माझ्याकडे वळल्या. "बायकोची काठी केली यांनी का झेंड्याची? बघा कुठवर येते ती!" आणि किती लांब आहे ते मला दाखवायला त्यांनी काठी जमिनीवर टेकवली, दोन्ही हातांनी धरली आणि उभ्या राहिल्या.

भिंत त्यांच्यापासून हातभर लांब होती. हे भावनाच्या लक्षात आलं आणि तिनं माझा दंड घट्ट धरला. मी तिचा धरला.

दुकानातल्या काठीवर माणूस वाकतो. हिच्यावर वाकताच येत नव्हतं. हात वर धरावा लागत होता, आणि हात वर गेला तशी पाठ सरळ झाली. गोदूबाईंनी काठी खांद्याला लावून बघितली.

"आमच्या बाबाची अशीच होती," त्या म्हणाल्या. "मानकोलीच्या खाडीत होडी ढकलायची काठी. पलीकडं जानारी सगली मानसं तिच्यावर जायची. म्हातारा झाला तरी त्याला कोनी बस बोललं न्हाय. होडीत उभ्यानंच ढकलायला लागतं."

"कापू काय?" भाऊंनी विचारलं. "करवत आनतो."

"हात लावा तर खरं!"

आणि काठी त्यांच्यापासून दूर न्यायला गोदूबाई दोन पावलं सरकल्या. मग दाराच्या चौकटीशी लांबी लावून बघायला आणखी काही. मग म्हणाल्या, उजेडात रंग कसा दिसतो बघते, आणि ओट्यावर आल्या. तिथं छिलक्यांचा ढीग बघून पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "झाडायला कोनी न्हाय काय या घरात?"

हळदीला आम्ही सगळे दीपेशच्या गाडीतून मानकोलीला गेलो. काठी गाडीत मावेना, म्हणून ती खिडकीतून बाहेर काढावी लागली आणि पूर्ण रस्ताभर भाऊंनी तिचं टोक धरून ठेवलं. गोडाउनांच्या मागं नामाच्या गल्लीत मांडव होता. डीजे असा लागला होता की गाडीची काच थरथरत होती. पोरं नाचत होती, बायकांच्या साड्या पिवळ्या झाल्या होत्या, वड्यांचे घाणे निघत होते.

गोदूबाई उतरल्या. गडद हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात काठी. नामा धावत आला आणि त्याच्या हातात काय असावं? प्लास्टिकची खुर्ची.

"आत्ये, आलीस! बस, बस हितं."

गोदूबाईंनी खुर्चीकडे बघितलं. मग हातातली पिशवी तिच्यावर ठेवली. "हिला बसव. दमली असंल." आणि थेट नवरीच्या पाटाकडे निघाल्या. चाल हळू होती, पण गर्दी आपोआप बाजूला होत होती. एवढी काठी येताना दिसली की माणूस बाजूला होतोच.

पाटाशी त्या पोचल्या. जात्याला हळकुंडं बांधलेली, बायका वाट बघत उभ्या. डीजे चालूच. नामानं डीजेवाल्या मुलाला हातानं थांबवायची खूण केली. त्यानं मान डोलावली आणि आवाज वाढवला.

गोदूबाईंनी काठी उचलली आणि जमिनीवर आपटली.

"बास!"

डीजे थांबला. नाचणारी पोरं हात वर केलेली तशीच राहिली. कढईजवळची बाई झारा धरून थांबली. आणि मांडवाच्या कडेला माझ्याशेजारी केसरीनाथभाऊंचा वडा तोंडापाशी पोचलेला होता, तोही तिथंच थांबला.

गोदूबाईंनी डोळे मिटले आणि धवला सुरू केला. पहिली ओळ जरा कापली. दुसरीला बायकांनी साथ धरली. एक हात काठीवर, दुसरा नवरीच्या डोक्यावर, आणि मागं कुठंतरी रस्त्यावरून जाणारे कंटेनर. नामा पिशवी ठेवलेल्या खुर्चीजवळ उभा राहून रडत होता आणि हसतही होता. खुर्ची शेवटपर्यंत पिशवीकडेच राहिली.

गाणं चालू असताना भाऊ माझ्या कानाशी वाकले.

"टीचर, बुडाकडनं बघा. जरासं जाड वाटतं ना? घरी गेलो का एकच हात..."

"भाऊ," मी म्हटलं, "बास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गोदूबाईंकडे बघितलं. या खेपेला त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. वडा तोंडात टाकला आणि कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.